शेल गॅस: खाली आहे, मग वर का येत नाही?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातलं 'म्हणजे' आणि 'तर' थोडं कमी केलंय, बाकी ऐकलंत तसंच.)

मागे आपण घरच्या गॅसवर एक भाग केला होता, तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. भारताच्या जमिनीखाली म्हणे प्रचंड शेल गॅस आहे, मग आपण जहाजं भरभरून बाहेरून गॅस का आणतो? काहींनी तर "कोणीतरी मुद्दाम दाबून ठेवलंय" असंही कळवलंय.

खरं सांगू? हा भाग मी टाळत होतो. विषय अवघड आहे म्हणून नाही. याच विषयात मी एका माणसाला चुकीचा सल्ला दिलेला आहे आणि ते सांगितल्याशिवाय मला यावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही. म्हणून आधी ते उरकतो.

२०१३ चा डिसेंबर. मी बडोद्याचा. गायकवाडांच्या काळापासून तिथे मराठी घरं आहेत, त्यातलंच एक आमचं. घरात मराठी, गल्लीत गुजराती. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झालो आणि मडलॉगर म्हणून नोकरीला लागलो. मडलॉगर म्हणजे काय, तर तेलाची विहीर खोदताना आत चिखलासारखं एक द्रव सोडतात. ते बिट गार ठेवतं आणि फुटलेल्या दगडाचा चुरा वर घेऊन येतं. तो चुरा एका हलणाऱ्या चाळणीवर पडतो. दर काही मीटरला तो गोळा करायचा, धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि लिहायचं: वाळूचा दगड, चुनखडी, शेल. बारा तासांची पाळी. हाताला डिझेलचा वास कायमचा.

त्या चाळणीचं नाव आहे 'शेल शेकर'. जगभरातल्या रिगवर तिला हेच म्हणतात. म्हणजे शेल हा दगड शंभर वर्षं तेलवाल्यांच्या लेखी काय होता बघा. चाळून बाजूला टाकायचा कचरा!

आमची रिग भरूच जिल्ह्यात, जंबुसर तालुक्यात होती. विहीर नेहमीची, तेलासाठीची. शेजारच्या शेतात एक काका होते, कापूस आणि तूर करायचे. रात्रपाळी संपवून मी बाहेर पडलो की त्यांच्या खाटेवर बसून चहा व्हायचा. एके दिवशी त्यांनी विचारलं, "भाई, नीचे गॅस छे के नहीं?"

तो प्रश्न उगाच नव्हता. घरात आजारपण होऊन कर्ज झालं होतं. चार बिघे विकायचे होते, गिऱ्हाईक तयार होतं. आणि तेव्हा त्या पट्ट्यात शेल गॅसच्या बातम्यांचा धुरळा उडाला होता. ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं शेलचं धोरण जाहीर केलेलं, आणि नोव्हेंबरात जंबुसरजवळच ओएनजीसीनं त्यातली पहिली विहीर सुरू केलेली. मी चोवीस वर्षांचा. खिशातून फोन काढला, बातमी उघडली आणि त्यांना आकडा दाखवला. ९६ टीसीएफ. म्हटलं, "काका, इतक्यात विकू नका. दोन-तीन वर्षांत इथलं चित्र बदलेल."

त्यांनी ऐकलं. शिकलेला पोरगा आहे, रोज खालचा दगड हातात घेऊन बघतो, याला माहीत असणारच.

आता तो आकडा काय होता ते बघू. त्याआधी दगड मात्र समजून घ्यावा लागेल, त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

शेल म्हणजे चिखलाचा दगड. समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी बारीक गाळ साचतो, त्यात मेलेले सूक्ष्म जीव, वनस्पतींचे अवशेष अडकतात. वरून आणखी थर येत राहतात, दाब वाढतो, उष्णता वाढते आणि लाखो वर्षांत त्या अवशेषांचं तेल होतं, वायू होतो. त्यातला काही वर निसटतो आणि वाळूच्या दगडात जाऊन साठतो. आजवर आपण जे तेल-वायू काढत आलो ते मुख्यतः हे निसटलेलं. शेल गॅस म्हणजे जो निसटलाच नाही, आईच्या पोटातच राहिला तो.

का राहिला? कारण शेलमध्ये वायूला हलायला वाटच नसते. छिद्रं असतात, पण इतकी सूक्ष्म आणि एकमेकांपासून इतकी तुटलेली की तुम्ही सरळ भोक पाडलंत तर भोकाच्या कडेचा थोडा वायू येईल आणि संपलं. म्हणून दोन गोष्टी कराव्या लागतात. विहीर आधी दोन-तीन किलोमीटर खाली न्यायची, मग वळवून त्या थराच्या आतून आडवी पुढे न्यायची. आणि मग प्रचंड दाबानं पाणी, वाळू आणि थोडी रसायनं सोडून दगडाला बारीक तडे पाडायचे. वाळू त्या तड्यांमध्ये अडकते, म्हणून ते परत मिटत नाहीत. हे फ्रॅकिंग.

अमेरिकेत हे जमवलं जॉर्ज मिचेल नावाच्या टेक्सासच्या उद्योजकाच्या कंपनीनं. १९८१ मध्ये त्यांनी बार्नेट नावाच्या शेलमध्ये पहिली विहीर घेतली, आणि खरा जम बसला १९९८ च्या सुमाराला. सतरा वर्षं! २००२ मध्ये त्यांनी कंपनी तीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकली आणि मग बाकीचे धावत आले. २००० साली अमेरिकेच्या वायू उत्पादनात शेलचा वाटा नगण्य होता. आज तो तीन चतुर्थांशाच्या आसपास आहे.

तर आता आपल्याकडे. माझ्या पायाखाली जंबुसरला जो थर होता त्याचं नाव 'कॅम्बे शेल', म्हणजे खंभातचा शेल. साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा, काळा, जाड. आणि त्याच्याही खाली काय आहे माहितेय? बेसॉल्ट. तोच, ज्याच्यावर तुम्ही पावसाळ्यात ट्रेकला जाऊन घसरता. आपल्या सह्याद्रीचा कातळ ज्या लाव्हाचा बनला त्याच लाव्हाचा थर गुजरातेत खोल खचून खंभातच्या खोऱ्याचा तळ झालाय. महाराष्ट्रात तो डोक्यावर आहे, तिथे पायाखाली. (यावरून "मग महाराष्ट्रात का नाही शेल गॅस?" याचं अर्धं उत्तर मिळतं. लाव्हाच्या दगडात असा वायू तयार होत नाही, आणि त्या जाड झाकणाखाली काय दडलंय ते बघणं फार कटकटीचं आहे.)

१९५८ मध्ये खंभातजवळ लुणेजला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागलं, त्याची आई म्हणजे प्रामुख्यानं हाच कॅम्बे शेल. म्हणजे या दगडात तेल-वायू तयार होतो यात शंकाच नाही. चुऱ्यात तो आला की मला कळायचं. काळपट करडा, पापुद्र्या-पापुद्र्यांचा, आणि पडद्यावर वायूची रेषा हळूच वर जायची. बोटांत धरलेला दगड आणि फोनवरची बातमी दोन्ही एकच गोष्ट सांगत होते. मी फसलो तो असा.

आकड्याकडे येतो. ९६ टीसीएफ म्हणजे ९६ ट्रिलियन घनफूट, साधारण २.७ लाख कोटी घनमीटर. हा अंदाज होता अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाचा, म्हणजे ईआयएचा, २०१३ चा. खंभात, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदर अशा चार खोऱ्यांसाठी. भारत सध्या वर्षाला सुमारे साडेसहा ते सात हजार कोटी घनमीटर वायू वापरतो, त्यातला जवळपास निम्मा बाहेरून येतो. म्हणजे ९६ टीसीएफ हातात आलं तर चाळीस वर्षांची चिंता मिटली. चाळीस वर्षं!

पण त्याच्या थोडंच आधी अमेरिकेच्याच दुसऱ्या सरकारी संस्थेनं, तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं, अंदाज दिला होता. मुंबई, कावेरी आणि कृष्णा-गोदावरी हे तीन प्रांत. त्यांच्या भाषेत 'मुंबई प्रांत' म्हणजे त्यात खंभातही आलं. आकडा: ६.१ टीसीएफ. आजच्या वापरानं अडीच वर्षं.

एक देश, दोन संस्था, एक म्हणते चाळीस वर्षं, एक म्हणते अडीच. दोघींनी धरलेली खोरी अगदी तीच नाहीत, हे खरं. पण फरक नुसता तेवढा नाही. श्लुंबर्जेनं तर जमिनीत असलेला एकूण वायू ३०० ते २१०० टीसीएफ सांगितला होता. आता ३०० ते २१०० याला अंदाज म्हणायचं की अंगारा?

कोणी खोटं बोलत नव्हतं. शब्द वेगळे होते. 'जमिनीत आहे' हा एक आकडा. ईआयएच्या त्याच अहवालात तो भारतासाठी ५८४ टीसीएफ आहे. 'आजच्या तंत्रानं काढता येईल' हा दुसरा आकडा, तो ९६. आणि 'आजच्या भावात काढून विकला तर परवडेल' हा तिसरा. तो ईआयएनं दिलेलाच नव्हता, कारण तो विहिरी खोदून, वायू वाहू देऊन, महिनोन्महिने मोजून मिळतो. बातमीत मात्र लिहिलेलं असतं 'साठा'. मी भूगर्भशास्त्र शिकलेलो, मला हा फरक परीक्षेत लिहिता येत होता. खाटेवर बसल्यावर नाही आठवला.

मग खोदल्यावर काय झालं? सुरुवात खरं तर झकास होती. जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूरला ओएनजीसीच्या विहिरीत शेलमधून वायू आला, तो देशातला पहिला. २०१३ च्या धोरणात पहिल्या टप्प्यात ५६ ब्लॉक ठरले, ५० ओएनजीसीला आणि ६ ऑइल इंडियाला. वीसहून अधिक विहिरी खोदल्या गेल्या. २०१८ मध्ये खासगी कंपन्यांनाही त्यांच्या चालू क्षेत्रात शेल शोधायची मुभा मिळाली. आणि व्यापारी उत्पादन? शून्य. आजही.

यात दाबून ठेवण्यासारखं काही नाही हो. दगड ऐकत नाही. बार्नेटमध्ये सिलिका भरपूर, म्हणजे तो काचेसारखा, दाब दिला की तडकतो. आपल्या शेलमध्ये चिकणमाती जास्त. शिळी चपाती आणि ताजी चपाती, दोन्ही मोडून बघा. शिळी तुटते, ताजी वाकते. वाकणाऱ्या दगडात पाडलेले तडे परत मिटत जातात. त्यात आपली खोरी भ्रंशांनी चिरलेली. थर सरळ जात नाही, मध्येच शंभर मीटर खाली खचतो. आडवी विहीर त्याच्या मागे कुठवर पळवणार?

आणि समजा, एक विहीर लागली. तरी पुढची अडचण आहे, जी बाहेर फार कमी लोकांना माहीत असते. शेलची विहीर पहिल्या वर्षातच निम्म्याहून जास्त उतरते. नेहमीची विहीर म्हणजे दूध देणारी म्हैस असेल, तर ही म्हणजे उघडलेली सोड्याची बाटली. म्हणून उत्पादन नुसतं टिकवायलाही खोदतच राहावं लागतं, वर्षाला शेकड्यांनी, हजारांनी. अमेरिकेत तेवढ्या रिग आहेत, तेवढे पंप आहेत, पाइपलाइनचं जाळं आधीपासून आहे. वीस विहिरींत आपण प्रयोग केला, तर बार्नेटनं त्याआधी काही शे विहिरी खाल्ल्या होत्या.

आता पाणी. एका आडव्या विहिरीच्या फ्रॅकिंगला एक-दोन कोटी लिटर पाणी लागतं, अलीकडच्या लांब विहिरींना त्याहून जास्त. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हजार-दोन हजार टँकर, एका विहिरीला. जंबुसर म्हणजे खंभातच्या आखाताचा काठ. तिथलं भूजल बऱ्याच ठिकाणी खारट. काकांच्या विहिरीचं पाणी मी प्यायलोय, चहात साखर टाकूनही कळायचं. नर्मदेचा कालवा ही तिथली मोठी आशा. त्यातून शेलला पाणी द्यायचं असेल तर कोणाच्या वाटणीचं? आणि आत गेलेल्या पाण्यातलं बरंचसं परत येतं ते क्षार, रसायनं आणि कधी कधी खालच्या दगडातले किरणोत्सारी अंश घेऊन. ते नीट साठवायचं, शुद्ध करायचं किंवा खोल जिरवायचं. हे सगळं करता येतं. पण फुकट होत नाही, आणि कोणी बघत नसेल तर होतच नाही.

मी रिगवर काम केलंय म्हणून एक गोष्ट दुसऱ्या बाजूनंही सांगतो. फ्रॅकिंगचे तडे थेट वर येऊन तुमच्या विहिरीला मिळतात असं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते सहसा होत नाही. मध्ये किलोमीटरभर दगड असतो. धोका आहे तो विहिरीच्या भिंतीचा. पोलादी नळी आणि दगड यांच्यातलं सिमेंट नीट बसलं नसेल तर वायू त्या फटीतून वर येतो. आणि वरच्या खड्ड्यात साठवलेलं पाणी सांडलं तर. म्हणजे भीती खालच्या स्फोटाची कमी आणि वरच्या निष्काळजीपणाची जास्त असायला हवी.

आता काकांचा मुद्दा, जमिनीचा. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी शेतकरी जमिनीखालच्या तेल-वायूचाही मालक असतो. त्याला करारावर सही करताना पैसे मिळतात, नंतर प्रत्येक घनफुटामागे वाटा. टेक्सासचा शेतकरी स्वतः कंपनीला फोन करतो, "माझ्याकडे कधी येताय?" आपल्याकडे तेल-वायू सरकारचा. रॉयल्टी राज्याच्या तिजोरीत. शेतकऱ्याला मिळतं ते वरच्या जमिनीचं भाडं आणि पिकाची भरपाई. आवाज, ट्रक, धूळ, पाणी त्याच्या वाट्याला, वायू दुसऱ्याच्या. मग त्यानं "या" का म्हणावं?

आणि हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला घाम फुटला होता. कारण समजा, माझं भाकीत शंभर टक्के खरं ठरलं असतं, काकांच्या शेताखाली धो धो वायू लागला असता, तरी त्या चार बिघ्यांचा भाव वाढायचं काही कारण नव्हतं. उलट उतरला असता कदाचित. मी दगड चुकलो ते क्षम्य म्हणा. कायदा मी बघितलाच नव्हता.

कावेरीच्या खोऱ्यात लोकांनी तो बघितला. तंजावर, म्हणजे आपल्या व्यंकोजीराजांचं, सरफोजीराजांचं तंजावर, आणि भोवतालचे जिल्हे. भाताचं कोठार. तिथे आधी कोळशाच्या थरातल्या मिथेनवरून, मग २०१७ मध्ये पुदुक्कोट्टै जिल्ह्यातल्या नेडुवासलला हायड्रोकार्बन प्रकल्पावरून मोठी आंदोलनं झाली. त्यातच जानेवारी २०२० मध्ये केंद्रानं नियम बदलला आणि तेल-वायूच्या शोधाच्या टप्प्यावरच्या विहिरींना जनसुनावणीतून वगळलं. पुढच्याच महिन्यात तमिळनाडू विधानसभेनं कायदा करून डेल्टा हे संरक्षित शेतीक्षेत्र ठरवलं. नव्या तेल, वायू, शेल गॅस, सगळ्या शोधाला तिथे बंदी. ईआयएच्या चार खोऱ्यांतल्या एकाचा मोठा तुकडा त्या दिवशी हिशेबातून गेला. दगड होता तिथेच आहे.

मला विचाराल तर ती सुनावणी काढून टाकणं ही घोडचूक होती. शोधाची विहीर म्हणजे नुसता शोध, असं कागदावर ठीक आहे. शेताच्या बांधावर उभं राहिलं की रिग ती रिगच.

भावाबद्दल थोडक्यात सांगतो. तुमचा डेटा पॅक संपत आला असेल. जुन्या सरकारी क्षेत्रांतल्या वायूचा दर सूत्रानं ठरतो. ऑक्टोबर २०२० मध्ये तो एका एमएमबीटीयूला १.७९ डॉलरवर आला होता. एमएमबीटीयू म्हणजे वायू मोजायचं उष्णतेचं माप. त्या भावात साधी विहीर परवडेना, शेल कुठून परवडणार? आता तो दर वर आलाय, त्याला कमाल मर्यादाही आहे. कोणत्याही कंपनीला शेलसाठी दहा-पंधरा वर्षांचा अंदाज हवा असतो. तेवढा भरवसा या दरानं कधी दिलाच नाही.

मग भारताला शेलमधून काहीच मिळालं नाही? मिळालं. गवारीतून!

हसू नका. डब्यात गवारीची भाजी दिसली की तोंड वाकडं करता ना, त्याच गवारीच्या बियांतून गवार गम निघतो. तो पाणी घट्ट करतो, म्हणजे वाळू त्यात तरंगत आत जाते. मिचेलच्या लोकांची युक्ती गम कमी करून पाणी पातळ ठेवायची होती, पण पुढे शेल तेलाच्या विहिरींना परत घट्ट मिश्रण लागायला लागलं. जगातली बहुतेक गवार पिकते आपल्याकडे, राजस्थानात. २०११-१२ मध्ये भाव असा उसळला की मार्च २०१२ मध्ये गवारीचे वायदे बंद करावे लागले. बिकानेर-जोधपूरकडच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर घेतले, घरं बांधली. पुढच्या वर्षी सगळ्यांनी गवार पेरली, तिकडे कंपन्यांनी पर्याय शोधले, आणि भाव खाली. टेक्सासच्या दगडावर राजस्थानचा शेतकरी दोन वर्षं कमावून गेला आणि मग होरपळला. जंबुसरचा माझा काका मात्र शेलच्याच डोक्यावर बसून काही कमावू शकला नाही.

दुसरी गोष्ट आपल्या कोकणातली. ३० मार्च २०१८ ला दाभोळला 'मेरिडियन स्पिरिट' नावाचं जहाज लागलं. लुइझियानातल्या साबीन पासहून आलेलं, गेलच्या वीस वर्षांच्या करारातलं पहिलं. ऋण १६२ अंशांना थंड करून द्रव केलेला अमेरिकन वायू, त्यात अर्थातच शेलचा. गंमत बघा. साबीन पासचं टर्मिनल २००८ मध्ये सुरू झालं ते वायू आयात करायला, कारण अमेरिकेला वाटत होतं आपला संपत आलाय. शेल आला आणि त्याच टर्मिनलवरून २०१६ पासून निर्यात सुरू झाली. आणि दाभोळ म्हणजे आपलं एन्रॉनचं दाभोळ. घरातल्या मोठ्यांना विचारा, ते नाव काढलं की अजून आवाज चढतो. एका टेक्सासच्या कंपनीनं सुरू करून अर्धवट टाकलेल्या जागी टेक्सास-लुइझियानाचा शेल गॅस उतरला. आणि तिथेही लाटा अडवणारी भिंत अपुरी होती, म्हणून वर्षानुवर्षं पावसाळ्यात टर्मिनल बंद.

आपण एकटेच आपटलो असं नाही. पोलंडला ईआयएनं २०११ मध्ये १८७ टीसीएफ सांगितलं होतं. रशियाच्या वायूपासून सुटका होणार म्हणून देश नुसता नाचत होता. पुढच्याच वर्षी त्यांच्याच भूवैज्ञानिक संस्थेनं अंदाज कितीतरी खाली आणला. सत्तरेक विहिरी खोदून झाल्या. एक्सॉनमोबिल २०१२ मध्ये गेली, शेव्हरॉन आणि कोनोकोफिलिप्स २०१५ मध्ये. चीननं मात्र सोडलं नाही. चोंगछिंगमधलं फुलिंग क्षेत्र चाललं, सरकारनं पैसा ओतला, डोंगर फोडून रस्ते केले. तरी २०२० साठी आधी ६,००० कोटी घनमीटर म्हणत होते, ते ३,००० कोटींवर आणलं, आणि प्रत्यक्षात निघाले २,००० कोटींच्या आसपास. कमी नाहीत हे, पण सिनोपेकसारखी कंपनी आणि चीनसारखं सरकार लागलं त्याला.

तर मी शेलच्या विरोधात आहे का? नाही. कोळशापेक्षा वायू जळताना बरा, पण मिथेन वाटेत गळला तर तो फायदा वाहून जातो, कारण वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीहून अधिक पट तापवतो. खंभातच्या खोऱ्यात अजून काही लांब आडव्या विहिरी नीट फ्रॅक करून बघाव्यात असं माझ्यातला मडलॉगर म्हणतो. इच्छापूर आणि जंबुसरची सगळी मोजमापं उघडी ठेवावीत, म्हणजे पुढचा पोरगा बातमी दाखवण्याऐवजी ती दाखवेल. पाणी किती, कुठून, परत आलेलं कुठे गेलं, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं. आणि जमीनवाल्याला उत्पादनातला वाटा मिळावा, एक टक्का का होईना. यातलं शेवटचं झालं तर बाकीचं आपोआप होईल असं मला वाटतं, पण हे माझं मत, भूगर्भशास्त्र नाही. तोवर देशाची ऊर्जा योजना शेलच्या भरवशावर आखू नये. एवढं साधं आहे.

काकांचं सांगायचं राहिलं. त्यांनी सव्वादोन वर्षं वाट बघितली. मग तेच चार बिघे विकले. भाव साधारण तोच आला, मधल्या काळाचं व्याज मात्र डोक्यावर बसलं. मला हे २०१६ मध्ये कळलं, तेव्हा मी नोकरी सोडून पुण्याला आलो होतो. गेलो भेटायला. व्याजाचे पैसे द्यायला बघितले, त्यांनी घेतले नाहीत. चिडलेही नाहीत, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "भाई, तारो शेल नीकळ्यो?"

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी परवा फोन केला, की काका, तुमची गोष्ट सांगू का, नाव नाही घेणार. म्हणाले सांग. मग विचारलं, हा बाहेरून येणारा गॅस उतरतो तरी कुठे? म्हटलं, दाभोळला, आणि त्याहून जास्त तुमच्या शेजारी, दहेजला. तुमच्याच जिल्ह्यात. कतारचा येतो, कधी अमेरिकेचाही. ते थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, दहेजला तर माझा धाकटा कामाला जातो, कंपनीच्या बसनं, मला बोलला नाही कधी. आणि लगेच तुरीच्या भावावर आले. तुरीबद्दल मी काहीही सल्ला दिला नाही.

चला, पुढच्या बुधवारी भेटू.